चिनोवर कोणता बेल्ट? कापडी आणि चामड्याचे कॅज्युअल बेल्ट असे निवडा

चिनो, म्हणजे सुती कापडाची कॅज्युअल पँट, बटन-डाउन कॉलरचा ऑक्सफर्ड शर्ट, नेव्ही ब्लेझर आणि लोफर, म्हणजे बिनलेसचे बूट. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या कॉलेजांत रुजलेल्या या ‘प्रेपी’ पेहरावात बेल्टला बरीच मोकळीक असते. दुसऱ्या महायुद्धानंतर जी.आय. बिलाच्या, म्हणजे माजी सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी पैसे देणाऱ्या कायद्याच्या, मदतीने शिकायला आलेल्या सैनिकांबरोबर लष्करी खाकी पँट, म्हणजेच चिनो, कॉलेजात शिरली. अशा पँटवर ऑफिसचा चकचकीत काळा बेल्ट परका वाटतो, रंगीत पट्ट्यांचा कापडी बेल्ट मात्र खुलतो.

१. आधी लूप बघा
चिनोला साधारण सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंदीचा बेल्ट बरोबर बसतो. दीड इंची बेल्ट जीन्ससाठी ठेवा. लूपमध्ये बेल्ट कोंबावा लागत असेल किंवा तो वर-खाली सरकत असेल, तर रंग कितीही आवडला तरी सोडून द्या.

२. मापाला दोन इंच जोडा
पँट ३४ ची, तर बेल्ट ३६ चा. पाच भोकांच्या बेल्टचं माप बक्कल जिथे अडकवलेलं असतं तिथून मधल्या भोकापर्यंत धरतात. जेवणानंतरही एक भोक हाताशी राहतं.

३. कापडी बेल्टचा प्रकार ठरवा
इथे जरा वेळ काढा. नवख्याने डी-रिंगच्या रिबन बेल्टपासून सुरुवात करावी. यात सुती पट्टीवर ग्रोग्रेनची, म्हणजे बारीक आडव्या कंगोऱ्यांची रिबन शिवलेली असते आणि एका टोकाला दोन कड्या. मोकळं टोक दोन्ही कड्यांतून ओवायचं, मग मागे वळवून बाहेरच्या कडीवरून आणि आतल्या कडीखालून काढून ओढायचं. पट्टी गुळगुळीत नायलॉनची असेल तर बेल्ट दिवसभर ढिला होत राहतो, म्हणून दुकानातच बांधून, बसून-उठून बघा. उरलेलं टोक पुढच्या लूपमध्ये जाईल एवढंच हवं. ते मांडीवर लोंबणं मला तरी बघवत नाही.

सर्सिंगल बेल्ट घोड्याच्या तंगावरून, म्हणजे त्याच्या पोटाभोवती बांधायच्या पट्ट्यावरून आलेला. मधे जाड विणीची पट्टी, दोन्ही टोकांना चामडं आणि पितळी बक्कल. ब्लेझरवर चालेल असा एकच कापडी बेल्ट घ्यायचा असेल तर हाच घ्या. चामड्याचा रंग बुटांच्या जवळपास असला की पुरे, तंतोतंत जुळवत बसू नका.

नीडलपॉइंट बेल्टवर हाताने टाके घालून शिडाच्या होड्या, बदकं, कुत्रे काढलेले असतात. हाताचं काम असल्याने तो महाग असतो, आणि त्याच्यासोबत बाकी कपडे साधेच हवेत. शर्ट मद्रास चेक्सचा, म्हणजे आपल्याच चेन्नईकडून तिकडे गेलेल्या कापडाचा असेल, तर बेल्ट एकरंगी घाला. दोन्हीकडे नक्षी नको.

४. चामड्याचा बेल्ट वाकवून बघा
कॅज्युअलसाठी तपकिरी रंग आणि मॅट बक्कल. नुसत्या ‘जेन्युइन लेदर’ शिक्क्यावरून दर्जा कळत नाही. ‘फुल ग्रेन’, म्हणजे वरचा पृष्ठभाग न घासलेलं चामडं आहे का विचारा, कडेला चिकटवलेले थर दिसतात का ते पाहा. चामड्याचा भुगा दाबून केलेला बेल्ट भोकांपाशी लवकर तडकतो. धारावीच्या चामड्याच्या दुकानांतही हीच तपासणी करा.

वेणीच्या बेल्टला भोकं नसतात, बक्कलाचा काटा हवा तिथे घुसतो. वापरून तो थोडा लांबतो, त्यामुळे नवीन घेताना सैल घेऊ नका.

५. शर्ट इन करून आरशात बघा
बाहेर सोडलेल्या शर्टाखाली सुंदर बेल्ट कोणाला दिसणार? आणि सुटावर कापडी बेल्ट घालूच नका.

६. पावसाळ्यात सांभाळा
कोकणात, मुंबईत चामड्यावर बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, बक्कलाला धरून मोकळ्या हवेत टांगा. भिजला तर सावलीत वाळवा, हीटर किंवा ऊन नको. कापडी बेल्ट मळला की सौम्य साबणाचं ओलं फडकं फिरवा, पण टोकांचं चामडं भिजू देऊ नका.