पेशंट आपल्याच बोलीत बोलतो तेव्हा जास्त सांभाळा: नागपुरातल्या पहिल्या पोस्टिंगचा अनुभव

क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा सायकियाट्रिक सोशल वर्कला नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय. हिस्टरी कशी घ्यायची, एमएसई, म्हणजे मानसिक स्थितीची तपासणी, कशी लिहायची ते तुम्हाला येतंच, ते सोडते. मी जिथं आपटले तेवढं सांगते, कारण अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

मी नागपूरचीच, घरी वऱ्हाडी. ओपीडीत बालाघाट-छिंदवाड्याचे पेशंट आले किंवा गडचिरोलीकडचं गोंडी बोलणारं कुटुंब आलं की मी सावध असायची, दुभाषा शोधायची, दोन-दोनदा विचारायची. मराठी पेशंट आला की मात्र निवांत. घोळ तिथंच झाला.

चाळिशीची एक बाई, सोबत दीर. झोप नाही, जीव घाबरते, चक्कर येते, कामात मन लागत नाही. मधेच हळूच म्हणाली, "बाहेरचं जातच नाही जी माह्यं." मी लगेच फाइलवर इंग्रजीत लिहून मोकळी, की बाधा झाली असं पेशंटला वाटतं. वरून विचारलं, मांत्रिकाकडे गेला होता का? ती एकदम गप्प. मग म्हणाली, "आमी बाबासाहेबाले मानतो मॅडम, आमच्या घरी हे चालत नाही." त्यानंतर फक्त हो-नाही. मला वाटलं लपवतेय, आणि मी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सिनियर मॅडमनी फाइल वाचून एवढंच विचारलं, बाहेरचं म्हणजे काय, हे तिला विचारलंस का? नव्हतं विचारलं. पाळी! दोन महिने अंगावरून जात होतं आणि समोर दीर बसलेला म्हणून ती आडून बोलत होती. हिमोग्लोबिन ६ निघालं. धडधड, चक्कर बरीचशी तिथूनच, आणि मी तिला मांत्रिकाचं विचारत बसले, तेही दीक्षाभूमीच्या शहरात. "बाहेर बसणं" मी लहानपणापासून घरात ऐकलंय, पण वर्कशॉपमधून कल्चर म्हणजे अंगात येणं, नजर, बाधा एवढंच डोक्यात भरून आले होते.

म्हणून परत सांगते. आधी पेशंटचे शब्द जसेच्या तसे, देवनागरीत. मग विचारा, म्हणजे नेमकं काय होतं? घरी याला काय म्हणता? मग नातेवाइकांना दहा मिनिटं बाहेर बसवून तेच पुन्हा विचारा, आणि त्यानंतरच इंग्रजी शब्द. "जीव घाबरते" म्हणजे दरवेळी एंग्झायटी नसते, कुणाला धडधड, कुणाला मळमळ, कुणाला पोराची काळजी. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, २०१३ पासून १६ प्रश्नांचा कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू आहे, त्यातही हेच विचारलंय, की तुमच्या माणसांना तुम्ही हा त्रास कसा सांगता. तो पाठ करू नका, आपल्या बोलीत आणा.

व्हॉट्सअॅपवर फिरणारे हिस्टरीचे तयार नमुने वापरू नका, पीएचक्यू-९ चं, म्हणजे नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या फॉर्मचं, भाषांतर हातात देऊन "भरा" म्हणू नका. माझं स्पष्ट मत आहे, यानं हात बिघडतो. आणि गाइड निवडताना त्यांची भाषणं बघू नका, तुमची फाइल ओळ न ओळ वाचतात का ते बघा.

ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, जाऊन आलेल्यांना रागावू नका. बाबा स्वतः बरीच वर्षं नागपूरच्या मनोरुग्णालयात होते हे इथं खूप जणांना माहीत असतं, तो धागा धरून गोळ्यांबद्दल छान बोलता येतं. दर्गा चालू, गोळ्याही चालू. पण कुणाला साखळीनं बांधलेलं कळलं तर त्यांची पद्धत आहे म्हणून गप्प बसायचं नाही! २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं त्याला बंदी आहे, त्याच दिवशी सिनियरला सांगा.

आणि घाबरू नका, सगळ्यांच्या रीती कुणालाच येत नसतात. ती बाई स्त्रीरोग विभागात दाखवून परत आली तेव्हा मी माफी मागितली. "होते जी मॅडम," म्हणाली, दिराला स्वतःच बाहेर बसवलं आणि पाऊण तास बोलली. झोप न येण्याचं कारण पाळीपेक्षा वेगळंच होतं, ते त्या दिवशी कळलं.