वीस वर्षांनी रायफलची पेटी उघडताना

10 मीटर हवेच्या रायफल-पिस्तूल नेमबाजीकडे वर्षांनी परतताना माळ्यावरची पेटी खाली आली, धूळ झटकली, रायफल खांद्याला लागली, की पहिला मोह होतो छर्रा भरून बघण्याचा. तो टाळा. आधी हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार सिलिंडर उत्पादकाच्या मुदतीत असावा लागतो, आणि ती मुदत जास्तीत जास्त 10 वर्षांची असते. ती पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडकतो हा छोटा प्रश्न. 200 बार दाबाची जुनी नळी गालाशी धरायची, हा मोठा. नवा सिलिंडर मागवा, त्यात काटकसर नको.

सिलिंडर मुदतीत असेल तर भरून दाबमापकाचा आकडा टिपून ठेवा आणि चोवीस तासांनी पुन्हा पाहा. काटा उतरला तर एखादी ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) सुकली असावी. जोडावर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. तिथे शिलाई मशीनचे तेल घालू नका. जास्त दाबाची हवा आणि खनिज तेल एकत्र आले की स्फोटाची भीती असते. सिलिकॉन ग्रीस तेवढे चालते, तेही बोटभर नव्हे, नखावर मावेल इतके.

बाजूच्या लिव्हरने ताणायची जुनी स्प्रिंगची रायफल असेल, उदाहरणार्थ फाइनवेर्कबाऊ 300, तर तिच्यातले सील आणि बफर वर्षांनुवर्षे पडून चुरा होतात. जाणकार कारागिराकडून ते बदलल्याशिवाय एकही फैर झाडू नका. छर्रा न भरता ती रिकामी तर कधीच चालवू नका, कारण पिस्टन थेट धातूवर आदळतो. ड्राय फायरची, म्हणजे छर्ऱ्याविना ट्रिगर ओढण्याची, सोय हवेच्या नव्या रायफल-पिस्तुलांत असते, या जुन्यांत नसते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे पिस्तूल असेल तर बॅटरीचा कप्पा उघडा. आत हिरवट-पांढरी पावडर दिसली तर बॅटरी गळली आहे.

छर्ऱ्यांचे जुने डबे टाकून द्या. शिशावर पांढरी भुकटी धरली की छर्ऱ्याचे माप बिघडते आणि ती भुकटी हातातोंडात जाते ती वेगळीच. नवे घेताना सपाट तोंडाचे 4.5 मिलिमीटरचे घ्या, रायफलला साधारण 0.53 ग्रॅमचे, पिस्तुलाला थोडे हलके. 4.49, 4.50 आणि 4.51 अशा डोक्याच्या मापांपैकी कोणते तुमच्या बॅरलला मानवते हे रायफल शिकंजात बसवून, प्रत्येकी दहा-दहा छर्ऱ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) काढूनच कळते. हे काम मात्र पहिल्या महिन्यात करू नका. तेव्हा ग्रुप पसरला तर दोष छर्ऱ्याचा नसतो.

डोळे

परत येणाऱ्यांचा खरा घोटाळा इथे होतो. हात जुने काम बरेच विसरत नाहीत, पण चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग जवळच्या वस्तूवर स्थिर व्हायला कुरकुरते. आणि या खेळात स्पष्ट दिसायला हवी ती समोरची साइट, म्हणजे बॅरलच्या टोकावरचा नेम धरायचा भाग. निशाण थोडे धूसर दिसले तर चालते, नव्हे, पिस्तुलात ते धूसरच दिसले पाहिजे.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून रेंजवर उभे राहू नका. त्यातून साइट स्पष्ट दिसण्यासाठी मान नकळत वर-खाली होते आणि गालाचा दाब प्रत्येक फैरीला बदलतो. मग कागदावर उभा ग्रुप पडतो, आणि दोष बिचाऱ्या श्वासाला दिला जातो. नेमाच्या डोळ्यासाठी एकाच नंबरची काच करून घ्या. अंदाज असा: तुमच्या लांबच्या नंबरात रायफलसाठी +0.50 आणि पिस्तुलासाठी +0.50 ते +0.75 मिळवा. लांबचा नंबर शून्य असेल तर काच सरळ +0.50 ची. हा फक्त आरंभबिंदू आहे. दुकानात जाण्याआधी कुणाला तरी टेप धरायला सांगून, प्रत्यक्ष पवित्र्यात डोळ्यापासून समोरच्या साइटपर्यंतचे अंतर मोजा आणि तो आकडा चष्मेवाल्याला द्या. 'वाचायचा चष्मा' म्हणालात तर तो चाळीस सेंटिमीटरचा नंबर देईल आणि निशाणाचा काळा गोळा पार विरघळेल. मोतीबिंदूची सुरुवात आहे का, तेही याच फेरीत तपासून घ्या.

रायफलवाल्यांनी समोरच्या साइटची रिंगही बदलावी. तरुणपणी 3.4 किंवा 3.6 ची रिंग आवडत असेल, आता 4.0 ते 4.4 ची घ्या. 10 मीटरच्या निशाणाचा काळा भाग 30.5 मिलिमीटरचा असतो. त्याच्याभोवती पांढऱ्याची रुंद पट्टी दिसली तर डोळा शांत राहतो. अरुंद पट्टीत काळा गोळा रिंगला चिकटल्यासारखा भासतो आणि तुम्ही 'अजून थोडे बरोबर' करत दहा-बारा सेकंद धरून बसता. मागच्या साइटच्या आयरिसचे (लहान-मोठे करता येणाऱ्या झडपेचे) भोक 1.1-1.2 मिलिमीटरपासून सुरू करा. फार बारीक केले तर वाढत्या वयाच्या डोळ्याला उजेड पुरत नाही.

औषधे

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नाव वाचा. अटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रानोलोल ही बीटा ब्लॉकर औषधे नेमबाजीत स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत, कारण ती हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर कमी करतात. काचबिंदूच्या डोळ्यांत घालायचे टिमोलोलही त्याच जातीचे. रक्तदाबाच्या जोडगोळ्यांत असणारे हायड्रोक्लोरोथायझाइड निषिद्ध मूत्रल औषधांत मोडते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना खेळाचे सांगा, पर्याय नसेल तर वैद्यकीय सूट मागण्याची रीतसर पद्धत आहे. अर्ज स्पर्धेआधी बऱ्यापैकी वेळ ठेवून करावा लागतो.

पहिले बारा आठवडे

पहिले दोन आठवडे छर्रा नाही. रोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर (जुन्या स्प्रिंगच्या रायफलने मात्र ट्रिगर न ओढता नुसता नेम). बोल्ट उघडा, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी पाहा, बोटाने खात्री करा, मगच उचला. छर्ऱ्याचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराची लांब ओसरी कितीही मोहात पाडो, खऱ्या छर्ऱ्यांची जागा रेंजवर. भिंतीवर निशाण चिकटवू नका. निशाण दिसले की मन गुण मोजायला लागते. भिंत कोरी असली की ट्रिगर सुटताना साइट हलते का, एवढेच दिसते.

याच काळात अंग तयार करा. रायफल 5.5 किलोपर्यंत असते, कंबर पुढे ढकलून तासभर उभे राहायचे असते, आणि कमरेचा मणका आता पंचविशीचा नाही. प्लँक तीस सेकंद तीनदा, एका पायावर तोल एक मिनिट, पोटरीचे ताण. पिस्तूलवाल्यांनी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हात सरळ ठेवून वीस सेकंद धरावी, चाळीस सेकंद विश्रांती, असे दहा वेळा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले की थांबा. ते दुखणे दुर्लक्षले तर महिनोन्महिने छळते. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात अंग कसे कमवावे हे सांगायला नको. फक्त जड डंबेल्सने खांदे फुगवू नका, इथे हवा तो टिकाऊपणा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छर्रे, पण निशाणाच्या कोऱ्या पाठीवर. एका बैठकीत तीस-चाळीस, अधिक नाही. पाहायचा तो ग्रुपचा आकार. नैसर्गिक रोखही, म्हणजे जोर न लावता बंदूक जिकडे वळते ती दिशा, इथेच पक्का करा: पवित्रा घ्या, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, सोडा, उघडा. साइट बाजूला गेली असेल तर हाताने आणू नका, पाय सरकवा. हाताने आणलेली साइट ट्रिगर सुटताच आपल्या जागी परत जाते. जुन्या नेमबाजाला हे तोंडपाठ असते आणि तरी तो करत नाही, कारण पोट वाढल्याने त्याचा तोल बदललेला असतो आणि पाय मात्र वीस वर्षांपूर्वीच्या खुणांवर ठेवलेले असतात.

पाचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत निशाण. आता वेळ मोजा. साइट स्थिरावल्यापासून सात-आठ सेकंदांत फैर गेली नाही तर खाली घ्या. त्यापुढे प्राणवायू घटतो, आणि डोळा आधीचीच प्रतिमा धरून बसतो, म्हणजे साइट हललेली असली तरी ठीक दिसते. उजव्या हाताच्या पिस्तूलवाल्याचे छर्रे खाली-डावीकडे पडत असतील तर ट्रिगरला हिसका बसतोय. साइटचे स्क्रू फिरवून तो झाकू नका.

नवव्या आठवड्यापासून पूर्ण 60 फैरी, घड्याळ लावून. इलेक्ट्रॉनिक निशाणावर त्यांना 75 मिनिटे मिळतात, आधी तयारी आणि चाचणी फैरींची 15. पुरुषांना पूर्वी 105 मिनिटे असत, स्त्रियांना 40 फैरी होत्या. 2018 पासून दोघांनाही 60. पहिल्या चाळीस फैरी छान जाऊन शेवटच्या वीस कोसळणे, हे परत आलेल्या प्रत्येकाचे चित्र असते. उपाय म्हणजे पंचविसाव्या फैरीनंतर न चुकता तीन मिनिटे बसणे.

कपडे आणि तपासणी

जुने जाकीट आधी अंगावर चढवून पाहा. बटण लावल्यावर हात बाजूला सोडून डावी बाजू उजवीवर नेहमीच्या जागेपेक्षा निदान 70 मिलिमीटर पुढे ओढता आली पाहिजे. पोट आले असेल तर इथेच अडाल. मोच्याकडून बटणे सरकवून घेता येतात. कडक झालेले कातडे मात्र ताठरपणाच्या चाचणीत नापास होते, त्याला उपाय नवे जाकीट. बुटांचे तसेच: तळवा वाकला पाहिजे, जुने लाकडासारखे बूट आता चालत नाहीत. पिस्तुलाच्या ट्रिगरला बॅरल उभी धरून 500 ग्रॅमचे वजन लावा. ते उचलले गेले पाहिजे. स्प्रिंग जुनी असते, म्हणून 510-520 वर ठेवा.

एप्रिल-मे महिन्यात बडोद्यात जाकीट घालून दुपारी सराव म्हणजे शिक्षा. सकाळी सात वाजता उरकावे. आणि उत्तरायणाला पतंग जरूर पाहा, पण मांजा ट्रिगरच्या बोटाला लावू नका. बोटाच्या पेरावरची बारीक चीर आठवडाभर ट्रिगरचा अंदाज बिघडवते.

कागदपत्रे आणि पहिली स्पर्धा

10 मीटरच्या रायफल-पिस्तुलाला परवाना लागत नाही. पॉइंट 22 च्या काडतुसी बंदुकीसाठी लागतो, आणि जुन्या पुस्तिकेवर यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) नसेल तर आधी परवाना देणारे कार्यालय गाठा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 5 वर्षांची आहे.

जिल्ह्याची आणि राज्याची संघटना, राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे ओळखपत्र, हा क्रम. स्पर्धांचा क्रम: जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय पातळीवरची मावळंकर स्पर्धा. ती ज्यांच्या नावाने आहे ते गणेश वासुदेव मावळंकर जन्माने बडोद्याचेच (1888), आणि 1951 मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशनचे पहिले अध्यक्ष. वयाने मोठ्यांसाठी मास्टर व सीनियर मास्टर गट असतात, पण वयाची अट दर वर्षीच्या परिपत्रकात पाहून अर्ज भरा. राष्ट्रीय नियमांचे आणि आंतरराष्ट्रीय नियमांचे गट वेगळे, चुकीचा टाकला तर गुण वाया.

जुने 580 गुण आणि आजचा आकडा शेजारी ठेवू नका. रायफलला आता दशांशात गुण असतात, एक दहा म्हणजे 10.0 ते 10.9 यातले काहीही, आणि कमाल 654. पिस्तुलाला पात्रता फेरीत अजून पूर्णांकच, कमाल 600.

स्पर्धेच्या सकाळी सेव उसळ नको, तिखटाने ठोके वाढतात आणि ढेकर नेमका श्वास धरताना येतो. दोन पोळ्या, केळे, थोडे पाणी. सिलिंडर आदल्या संध्याकाळी भरून दाब लिहून ठेवा, सकाळी पुन्हा पाहा. घामासाठी दोन सुती रुमाल, चष्म्याच्या काचेला मऊ कापड, साइटची रिंग बदलायची छोटी चावी आणि दुसरा एक भरलेला सिलिंडर पिशवीत असू द्या.