जुना स्कोप घेताना: एकही गोळी न झाडता तपासा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा मुख्य बंदूक हंगाम नोव्हेंबरच्या थंडीत, तोही 9 दिवसांचा. त्यात स्कोप (रायफलवरची नेम धरायची दुर्बीण) आतून धुरकटला किंवा नेम सरकला, तर हंगाम गेला. म्हणून मी काचेच्या चकाकीआधी आतली यंत्रणा बघतो.

1. स्कोप रायफलवर न चढवता रिंगांसकट (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या कड्या) शिकंज्यात (व्हाइसमध्ये) घट्ट धरा. 100 यार्डांवर इंचाच्या रेघा मारलेला पुठ्ठा लावा.

2. क्रॉसहेअर (स्कोपमध्ये दिसणारी नेमाची फुली) एका खुणेवर आणा. नेम सरकवायच्या गुंड्या फिरवून वर 40 क्लिक (गुंडीचा एकेक टप्पा), मग उजवीकडे, खाली, डावीकडे तितकेच. पाव मिनिटाच्या (हे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) क्लिकला प्रत्येक बाजू साधारण साडेदहा इंच भरते. शेवटी क्रॉसहेअर नेमका मूळ खुणेवर यायला हवा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळीवर हलकेच ठोकून पुन्हा बघा. इथे घाई नको. बहुतेक खोट इथेच सापडते.

3. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा (बॅटरी असल्यास काढून). बाहेरचं दव पुसा. आत धुकं दिसलं तर सील गेलंय, घेऊ नका.

रिंगांचे स्क्रू मात्र अंदाजाने आवळू नका. टॉर्क ड्रायव्हर (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा स्क्रूड्रायव्हर) वापरा, रिंगेच्या कागदावर दिलंय तेवढंच. जास्त पिळलं की चांगल्या स्कोपचीही नळी चेपते.