दाताची अवजारं: लाइट गेली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून

दात काढायचे चिमटे नुसते उकळून भागत नाही; १०० अंशांत जिवाणूंचे बीजाणू (त्यांची उष्णता सोसणारी टणक रूपं) तगतात. जाड हातमोजे घालून, रक्त सुकायच्या आत, सांधे उघडून ब्रशने घासा. चिकटलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. कोरडी करून वाफ आत जाऊ देणाऱ्या निर्जंतुकीकरणाच्या पाऊचमध्ये भरा, चिमटे उघडेच ठेवून.

कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमधली (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं मशीन) हवा आधी पूर्ण निघू द्या, मगच झडप बंद करा. १२१ अंश आणि १५ पौंड दाब आल्यावर ३० मिनिटं मोजा. मध्येच लाइट गेली (उन्हाळ्यात आपल्याकडे जातेच) तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी मशीनमध्ये कधीच नको, डिस्टिल्डच वापरा. नाहीतर पांढरा थर चढतो. ओलं निघालेलं पाऊच निर्जंतुक धरू नका, अवजारं नव्या पाऊचमध्ये भरून मशीनमध्ये पुन्हा लावा.