मावळतीच्या उजेडातली उडवी जलरंगात कशी रंगवावी

कोकणात भाताची झोडणी उरकली की खळ्याशेजारी पेंढ्याच्या उडव्या, म्हणजे रचलेले उंच ढीग, उभ्या राहतात. नोव्हेंबरअखेरीस रत्नागिरीकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणून सव्वापाचला कागद फळीवर टेपने ताणून तयार हवा. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 10 अंश वर असतो आणि सावली उडवीच्या उंचीच्या साडेपाच पट लांब पडते.

पाव शीट (11 × 15 इंच) कोल्ड प्रेस (किंचित खडबडीत) कागद 300 जीएसएमचाच (जाड) घ्या. पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि आकाश खळग्यांत साचतं. 12 आणि 6 नंबरचे गोल ब्रश पुरतात. रंग पाच: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), कॅडमियम ऑरेंज, ॲलिझरिन क्रिमझन (गडद लाल), अल्ट्रामरीन (निळा). काळा पेटीतच राहू द्या.

क्षितिज खालून एक तृतीयांशावर ठेवा, उडवी जराशी एका बाजूला. तिचं पोट सुटलेलं असतं, डोकं निमुळतं. गुरांसाठी रोज पेंढा उपसतात त्या बाजूला खड्डा पडलेला असतो; तो जरूर रेखाटा, नाहीतर उडवी आईस्क्रीमच्या उलट्या कोनासारखी दिसते.

उडवी सोडून आकाश भिजवा. खाली पिवळा, मग गुलाबी, वर निळा. मधला गुलाबी पट्टा चुकवलात तर पिवळा-निळा मिसळून आकाश हिरवं होतं. कागदाची चकाकी गेली की हात आवरा. त्यानंतर ओला ब्रश टेकवला की पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. वाळलं का, हे मनगटाची मागची बाजू लावून पाहा. गार लागलं तर अजून ओल आहे.

सूर्य उडवीमागे असेल तर कडेला दोन मिलिमीटर कोरा कागद सोडा. हीच चमकती किनार. तिच्या आत ऑकर-ऑरेंज, पोटाकडे बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन. काडी न् काडी काढायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि उडवीची केरसुणी होते. सुक्या ब्रशाचे दहा-बारा फटकारे पुरेत, तेही उजेड आणि सावली भेटतात तिथेच.

सावल्यांची टोकं आधी पेन्सिलीने खुणावून ठेवा, कारण त्या पळतात. समांतर काढू नका: सूर्याच्या बरोबर खाली क्षितिजावर एक बिंदू धरा, तिथून त्या पंख्यासारख्या तुमच्याकडे पसरतात. धसकटांवरचा ऑकर पूर्ण वाळल्यावर अल्ट्रामरीन-क्रिमझनचा पातळ हात एकदाच फिरवा. जलरंग वाळल्यावर फिकटतो, म्हणून मिश्रण एक छटा गडद हवं.

उजेड बदलला तर चालू चित्र दुरुस्त करत बसू नका, दुसरा कागद घ्या. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने फ्रान्समधल्या जिव्हर्नीत 1890-91 मध्ये गव्हाच्या गंजी रंगवल्या, त्या असेच कॅनव्हास बदलत. सुमारे 25 चित्रं झाली.

टेप मात्र घरी, कागद खडखडीत वाळल्यावर, चित्रापासून बाहेरच्या दिशेने तिरकी ओढून काढा.