नर हाती आला म्हणजे नवी जाती सापडली असे नाही

सोलापुरात राहून सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातील कोळ्यांवर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. कुल ओळखणे, डोळ्यांची मांडणी पाहणे, नमुने ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवणे एवढे तुम्हाला येते असे गृहीत धरते. माझे काम ज्या ठिकाणी दीर्घकाळ अडून राहिले ती जागा या सर्वांच्या पुढची आहे आणि तिच्याविषयी मला कोणीही वेळेवर सावध केले नव्हते.

आंबोलीच्या जंगलात पावसाळ्यात मला साल्टिसिडी कुलातील, म्हणजे उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी, एक प्रौढ नर मिळाला. त्याच्या पॅल्पवरील (नराचे तोंडाजवळील उपांग, ज्याने तो मादीत शुक्राणू सोडतो) एम्बोलसचे, म्हणजे शुक्राणू सोडणाऱ्या टोकदार भागाचे, वळण आणि पॅल्पच्या टिबिया या खंडावरचा काटा त्या वंशातील वर्णन झालेल्या कोणत्याही नराशी जुळत नव्हता. अशा वेळी नाव ठरवण्याची घाई होते. ती करू नका. ‘ज्ञात नरांशी जुळत नाही’ आणि ‘ही जाती नवी आहे’ या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये, म्हणजे जगातील कोळ्यांच्या ऑनलाइन सूचीत, तुमच्या वंशाची यादी उघडून पाहा. प्रत्येक जातीपुढे नर, मादी की दोन्ही ज्ञात आहेत याची नोंद असते. अनेक भारतीय जातींची केवळ मादी वर्णन केलेली आढळेल. त्या मादीचा नर कसा असतो हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तुमच्या कुपीतला नर तिचाच असण्याची शक्यता कायम राहते. साल्टिसिडीत नर आणि मादी रंगाने इतके भिन्न असू शकतात की निव्वळ पाहून त्यांची जोडी लावता येत नाही.

म्हणून पहिले काम असे, की वंशातील फक्त मादी ज्ञात असलेल्या सर्व जाती वेगळ्या काढाव्यात आणि त्यांतही ज्यांचे मूळ स्थळ पश्चिम घाटात किंवा त्याच्या जवळ आहे त्या आधी तपासाव्यात. दुसरे काम म्हणजे ज्या झाडोऱ्यात नर मिळाला तिथेच मादी शोधणे. मादी मिळाल्यावर एपिगाइनचे, म्हणजे तिच्या पोटाखालील जननपट्टिकेचे, बाहेरचे रूप पाहून थांबू नका. ते कापून, लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून, आतील नलिका कशा वळतात आणि शुक्रधानी (शुक्राणू साठवण्याची पिशवी) कुठे बसते ते रेखाटा. खरी अडचण इथे उभी राहते. शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनांत बाहेरची पट्टिका दाखवलेली असते, आतली रचना बहुधा नसतेच. मग लंडन, पॅरिस किंवा कोलकाता येथील संग्रहालयातील मूळ नमुन्याची, म्हणजे ज्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले त्याची, छायाचित्रे मागवण्यावाचून उपाय राहत नाही. पत्रात कोणत्या अवयवाचे, कोणत्या बाजूने छायाचित्र हवे ते नेमके लिहा. उत्तराला वेळ लागतो. त्या काळात मन खचते, घरचे विचारतात, बरोबरचे पुढे जातात. पण हा काळ वाया जात नाही. माझी सर्वांत चांगली रेखाचित्रे त्याच काळातली आहेत.

अर्धवट वाढलेला नर मिळाला, तर त्याचा पॅल्प फुगलेला दिसतो, परंतु आतील रचना तयार झालेली नसते आणि त्याच्यावरून वर्णन होऊ शकत नाही. तो जिवंत ठेवून शेवटची कात टाकेपर्यंत वाढवावा लागतो. आंबोलीचा कोळी एप्रिलच्या सोलापुरात डबीतच सुकून मरतो. मी डब्या माठाच्या बुडाशी ओल्या पोत्यावर ठेवत असे, प्रत्येकीत भिजवलेला कापसाचा बोळा असे, आणि पिकलेल्या केळ्यावर वाढवलेल्या चिलटांवर ते जगत. इथल्या उन्हाळ्यात कुप्यांतील इथेनॉलही झपाट्याने उडते. बूच घट्ट असले तरी पातळी दर आठवड्याला पाहावी, कारण एकदा सुकलेल्या नमुन्याचा पॅल्प पूर्ववत होत नाही.

डीएनएने हे सगळे टळेल, असे सांगणारे बरेच भेटतात. माझे मत स्पष्ट आहे: सीओआय या जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा सुमारे ६५८ बेसचा तुकडा तुमचा नर आणि तुमची मादी एकाच जातीचे आहेत का हे दाखवायला उत्तम आहे, पण जुन्या जातीचा डीएनए-क्रम कुठल्याच संग्रहात नसेल तर तुलना कशाशी करणार? तसेच, जो मार्गदर्शक तुम्हाला स्वतःच्या हाताने पॅल्प काढायला बसवत नाही, त्याच्याकडे हे काम शिकता येत नाही, मग त्याच्या नावावर कितीही शोधनिबंध असोत.

नमुन्याच्या चिठ्ठीबद्दल एक उदाहरण सांगते. सोलापूरवरून चेन्नईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आंध्र प्रदेशातील गुत्ती लागते, मुराररावांची गुत्ती. तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत मिळालेल्या एका मादीवरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १८९९ मध्ये पोसिलोथेरिया मेटॅलिका या निळ्या कोळ्याचे वर्णन केले. तो कोळी वखारीचा नव्हताच, लाकडाबरोबर आलेला असावा. पूर्व घाटातील नंद्याल आणि गिद्दलूरच्या दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा सापडायला शंभर वर्षे गेली. तेव्हा चिठ्ठीवर ‘आंबोली’ एवढेच लिहू नका. अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि कोळी झाडाच्या सालीवर होता की पाचोळ्यात, हे त्याच दिवशी पेन्सिलीने लिहून चिठ्ठी कुपीच्या आत घाला.

कागदपत्रांचे थोडक्यात. जंगलात जाण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त संग्रहसंस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. आपल्याला सोयीचे म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पुण्यातील आकुर्डीचे केंद्र. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या जातिनामासाठी मूळ नमुना कोणता आणि तो कोणत्या संग्रहात आहे हे लेखात स्पष्ट असावे लागते, आणि नियतकालिक केवळ ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतील नोंदही लागते. लेख स्वीकारला जाण्याआधी नवे नाव प्रबंधात किंवा वर्तमानपत्रातील बातमीत येऊ देऊ नका. प्रबंधात ‘जाती १’ एवढेच लिहिले तरी परीक्षक गुण कापत नाहीत. नमुना जमा करायला मात्र लेख पाठवण्याच्या बऱ्याच आधी जा, कारण नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय हस्तलिखितातील नमुना कुठे ठेवला आहे ही ओळ पूर्ण होत नाही.