कांद्याची नवी पात पिवळी पडत होती : सल्फर-झिंकच्या गोळ्या शेवटी अशा लागू पडल्या

निफाड तालुका, काळी चुनखडीची जमीन, सामू (पीएच) ८.२. लागवडीनंतर महिन्याभरात कांद्याची नवी पात पिवळी, जुनी मात्र हिरवीच. युरिया दिला, फेरसची (लोहाची) फवारणी केली, फरक शून्य. दोन हंगाम डोकं फिरायची वेळ आली.

माती तपासली. गंधक (सल्फर) १० पीपीएमच्या आत, जस्त (झिंक) ०.६ च्या खाली, म्हणजे दोन्ही कमी. झिंकयुक्त बेन्टोनाइट सल्फर (ओलीने फुगणाऱ्या मातीत बांधलेल्या गंधक-जस्ताच्या गोळ्या) लागवडीनंतर वरून फेकलं, तर काढणीला मसुराएवढ्या पिवळ्या गोळ्या वाफ्यात जशाच्या तशा! गोळीतलं गंधक पिकाला थेट मिळत नाही. गोळी ओलीने फुटायला हवी, मग जिवाणू त्याचं सल्फेट करतात, तेव्हा मुळं घेतात. त्याला तीन-चार आठवडे लागतात.

यंदाचा क्रम : लागवडीच्या २५ दिवस आधी रान भिजवलं. वाफशावर (माती ओलसर पण चिकट नसताना) एकरी १० किलो गोळ्या चाळलेल्या शेणखतात मिसळून विस्कटल्या. लगेच रोटर, चार इंच खोल. आठवड्याने हलकं पाणी. डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) त्यात मिसळला नाही, स्फुरदामुळे जस्त अडकतं. तो लागवडीच्या वेळी वेगळा दिला. नंतर आंबवणी-चिंबवणी (लागवडीनंतरचं सुरुवातीचं पाणी) नेहमीसारखी.

लागवडीनंतर चाळिसाव्या दिवशी माती उकरली, गोळी सापडली नाही. नवी पात गर्द हिरवी आहे.